कुट्टिम आणि फरशी

नांदगाव खंडेश्वरात घर बांधणाऱ्या कुटुंबात स्वयंपाकघराच्या जमिनीविषयी जेवढा खल होतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाविषयी होत असेल. आणि गवंडी जिला ‘स्टाईलची फरशी’ म्हणतो ती गुळगुळीत घ्यावी की खरबरीत, पांढरी की करडी, हा वाद रात्री जेवणे आटोपेपर्यंत चालू असता, फरशी हा शब्द मुळात दगडाचाही नाही आणि भाजल्या मातीचाही नाही, याचे स्मरण कोणास होत नाही. अरबी ‘फर्श’ म्हणजे अंथरणे, आणि त्यावरून अंथरलेली वस्तू. फारसी दफ्तराच्या वाटेने हा शब्द आपल्याकडे आला तो गालिचे आणि तंबू यांच्या संगतीने. शिवकालीन अठरा कारखान्यांत बिछायती व राहुट्या सांभाळणारा फरासखाना एक, आणि मुदबखखाना, म्हणजे सरकारी पाकशाळा, हा त्याहून निराळा. पुढे दगडाच्या लाद्या जमिनीवर अंथरल्या जाऊ लागल्या तेव्हाही नाव तेच राहिले, आणि एका कारखान्याचा शब्द दुसऱ्याच्या जागेत कायमचा वस्तीला आला. कुऱ्हाडीसारखे हत्यार असते ती फरशी वेगळी. तिचे कूळ परशूचे.

संस्कृतात बांधीव जमिनीस कुट्टिम म्हणतात, आणि त्यातला धातू कुटण्याचा आहे. एका भाषेने वरचा पसारा पाहिला, दुसरीने खालची मेहनत. आणि वऱ्हाडात तरी आधी कुट्टिम ध्यानी घ्यावे आणि मग फरशी, असे माझे ठाम मत आहे. आमची काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती खोदून काढून, तिच्या जागी मुरूम भरून, थराथरावर पाणी मारून धुम्मसने ठोकला नाही, तर वरची फरशी कितीही मोलाची असो, दोन-चार पावसाळ्यांत ओट्यापाशी उचलते किंवा मधोमध तडकते. चोपण्याने चोपलेली, शेणाने सारवलेली जुनी जमीनही भेगाळत असे. पण ती भेग घरातली माय दुसऱ्याच सकाळी पोतेऱ्याने बुजवून टाकी, आणि भाजलेल्या फरशीला ही सोय नाही.

सारवलेल्या जमिनीनंतर आली शहाबादी. निजामाच्या मुलुखातील शहाबादचा हा थराथराने निघणारा चुनखडीचा दगड. 1871 साली मुंबईकडचा आणि मद्रासकडचा लोहमार्ग रायचूरला जुळले, त्याच मार्गावर हे गाव आहे. शहाबादी उन्हाळ्यात पायाला थंड लागते आणि पडलेल्या पातेल्याने सहसा फुटत नाही. मात्र चुनखडी आणि आंबट यांचे जन्माचे वैर. लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचा कोळ रात्रभर तिच्यावर राहिला की सकाळी तेथे निस्तेज, पांढुरका डाग दिसतो, आणि तो पुसून जात नाही, कारण तेवढा दगडच खाल्ला गेलेला असतो. संडासाचे ॲसिड तर तिच्या वाऱ्यालाही आणू नये.

स्वदेशीच्या भरात, 1922 साली, सिधवा काका-पुतण्यांनी भारत टाइल्सचा उद्योग सुरू केला आणि विलायती लाद्यांच्या तोडीची सिमेंटची रंगीत लादी या देशात घडू लागली. आज मोरबीहून येणारी व्हिट्रिफाइड फरशी आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतकेही पाणी पीत नाही. म्हणूनच हळदीचा डाग तिच्यात मुरत नाही, आणि म्हणूनच ती नुसत्या सिमेंटच्या घोळावर नीट धरत नाही. तिला चिकट मसालाच हवा. स्वयंपाकघरात तेल सांडणारच, तेव्हा तेथे खरबरीत फरशी घ्यावी. डाग धरतात ते सांधे, म्हणून पांढऱ्या सिमेंटऐवजी ते इपॉक्सीने भरावेत, आणि रोज कोमट पाण्याने व सौम्य साबणाने पुसावे.

गवंड्याचा हिशेब चुकता करण्यापूर्वी रुपयाचे नाणे घेऊन प्रत्येक फरशीचे चारी कोपरे ठोकून पाहावेत. आवाज भरीव आला तर मसाला तेथवर पोहोचला आहे. पोकळ आला तर तेवढी फरशी उचलून पुन्हा बसवून घ्यावी, कारण वरवंटा हातातून निसटेल तो नेमका त्याच कोपऱ्यावर.