चॉपर आणि गाळलेली नावे

'ईझी रायडर' (१९६९) पाहिलेल्यांना पीटर फोंडाची मोटारसायकल विसरता येत नाही. टाकीवर अमेरिकेचा ध्वज, पुढे लांबच लांब गेलेला फोर्क, उंच हँडल. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील तरुण जड हार्ले-डेव्हिडसनचे मडगार्ड कापून ती हलकी करीत; 'चॉपर' हे नाव अशा कापाकापीतूनच आले. पुढे कापण्यापेक्षा नवे भाग जोडण्याची हौस वाढली. त्यात बसणाऱ्याची सोय पाहिली जाईच असे नाही. फोंडाच्या या गाडीला मागे स्प्रिंग नव्हती आणि पुढच्या चाकाला चक्क ब्रेक नव्हता!

मुळात या पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले. त्यांना हे रूप दिले ते लॉस एंजेलिसच्या क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी या कृष्णवर्णीयांनी. व्हॉज तर नागरी हक्कांच्या चळवळीतले कार्यकर्ते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र दोघांचीही नावे नाहीत. गोऱ्या तरुणांच्या मुक्ततेचे प्रतीक म्हणून जी गाडी भिंतीभिंतींवर लागली, तिचे कर्ते लोकांना माहीत व्हायला काही दशके जावी लागली. व्हॉज २०१६ साली वारले. चित्रपटातील स्वातंत्र्याच्या कल्पनेवर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. गाडी कोणाच्या हातची, हे फारसे कोणी विचारले नव्हते.