चषक, करंडक आणि जाम : बालेवाडीच्या एका सामन्यातील नामविचार

18 सप्टेंबर 2023 रोजी पुण्याजवळील बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात मुंबई सिटी आणि इराणचा नस्साजी माझंदरान या दोन संघांमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना झाला. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या या मैदानावर यजमान संघ 0–2 असा पराभूत झाला. क्रीडावृत्त म्हणून या घटनेला एवढेच महत्त्व. परंतु भाषेच्या आणि आश्रयपद्धतीच्या इतिहासाच्या दृष्टीने या गटातील चार संघांची नावे अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहेत. मुंबईखेरीज गटात इराणचा नस्साजी, सौदी अरेबियाचा अल हिलाल आणि उझबेकिस्तानातील नमनगानचा नवबहोर हे तीन संघ होते. यांपैकी दोन नावांतील शब्द मराठीच्या घरात कित्येक शतके वावरत आले आहेत.

आधी बक्षिसाच्या नावाचा विचार करू. नस्साजीला ही संधी मिळाली ती 2021–22 चा ‘जामे हज़्फी’ जिंकल्यामुळे. ‘जाम’ म्हणजे पेला आणि ‘हज़्फ’ म्हणजे काढून टाकणे. हरलेला संघ गळत जातो अशी ही स्पर्धा. मराठीत तिला ‘बाद पद्धत’ म्हणतात, आणि तो ‘बाद’ही मूळचा अरबीच. तेथे त्याचा अर्थ ‘नंतर’ असा होता. आपल्या हिशेबनिसांच्या हाती तो ‘वजा’ झाला. बक्षिसासाठी मात्र मराठीने संस्कृताकडे धाव घेतली. ‘चषक’ हे मद्यपात्राचे नाव, म्हणजे ‘जाम’चे सख्खे भावंडच, आणि ‘करंडक’ ही तर डबी अथवा लहान टोपली. रणजी करंडकात काही ठेवायचे नसते, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

आता ‘बहर’. ‘नवबहोर’ म्हणजे नवा वसंत. फारसीत ‘बहार’ हा ऋतू आहे. मराठीत तो ऋतू राहिला नाही, फुलोऱ्याचा काळ झाला. नीरेच्या खोऱ्यात, विशेषतः इंदापूर तालुक्यात, डाळिंबाचा बागाईतदार आंबे बहर, मृग बहर आणि हस्त बहर असे तीन बहर ओळखतो व पाणी तोडून त्यांपैकी एक ‘धरतो’. यांतील मृग बहर पावसाळ्याच्या तोंडी येतो, हस्त बहर पावसाळा सरताना. वसंताशी ज्याचा काडीचाही संबंध उरला नाही असा हा ‘बहार’ नमनगानच्या माणसास समजावून सांगणे कठीण जाईल. सुपे, बारामती, इंदापूर हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत होता. ‘जहागीर’, ‘परगणा’, ‘दप्तर’ हे शब्द तेथे कारभाराबरोबर आले. त्यांची जागा संस्कृत पर्यायांनी घ्यावी म्हणून शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला गेला. शेतकऱ्याच्या तोंडचा ‘बहर’ मात्र टिकला, कारण तो दप्तरात नव्हता, बागेत होता.

‘हिलाल’ची कथा याहून विलक्षण आहे. अरबीत ‘हिलाल’ म्हणजे चंद्रकोर. जुन्या मराठीत ‘हिलाल’ ही एक प्रकारची मशाल, आणि ती धरणारा तो हिलालजी. आकाशातील कोर येथे माणसाच्या हातात आली. रियाधचा संघ 1957 साली स्थापन झाला आणि त्याला हे नाव 1958 मध्ये राजे सौद यांनी दिले; म्हणजे नामकरणातच राजाश्रय आहे. 2023 मध्ये त्याचा 75 टक्के हिस्सा त्या देशाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने घेतला, तेव्हा तो आश्रय केवळ अधिक उघड झाला.

‘नस्साज’ म्हणजे विणकर. 1959 साली स्थापन झालेला हा संघ काएमशहर या कापडगिरण्यांच्या गावचा. हा शब्द मराठीत रुजला नाही, कारण साळी आणि कोष्टी येथे आधीपासून होते. परकी शब्द कोणत्या दारातून आत आला आणि कोणत्या दारापाशी थांबला, हे पाहण्यास असा नकार स्वीकाराइतकाच उपयोगी पडतो. माधव त्रिंबक पटवर्धन यांच्या 1925 च्या फार्सी-मराठी कोशाचा अभ्यास बहुधा आलेल्या शब्दांच्या बाजूनेच होतो. न आलेल्या शब्दांची यादी कोणी करीत नाही.

आणि मुंबई? मुंबईचा फुटबॉल प्रथम पलटणींच्या आश्रयाने वाढला. रोव्हर्स चषक 1891 मध्ये वूस्टरशर रेजिमेंटने जिंकला. तो भारतीय संघाच्या हाती येण्यास 1937 साल उजाडावे लागले, आणि तो संघ बंगलोर मुस्लिम्स हा होता. पुढे मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, कॅलटेक्स अशा नावांचे संघ आले. गिरणी वा कंपनी हीच संघाची ओळख; ‘प्रायोजक’ हा शब्द त्या काळी लागत नव्हता, कारण आश्रयदाता आणि आश्रित एकाच नावाने ओळखले जात. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या. रोव्हर्स चषकही 2000–01 नंतर थांबला. 2014 साली स्थापन झालेल्या मुंबई सिटीच्या नावात मालकाचा मागमूस नाही. 2019 मध्ये 65 टक्के हिस्सा सिटी फुटबॉल ग्रुपकडे गेला, तेव्हा मँचेस्टर सिटी आणि मुंबई सिटी यांच्या नावांतील ‘सिटी’ हे सामाईक पद मालकीचेही चिन्ह ठरले.

म्हणून बालेवाडीत कापडगिरण्यांचे नाव घेऊन जो संघ उतरला तो इराणचा होता, गिरणगावच्या शहराचा नव्हे. समान शब्दांवरून समान माणसे कल्पिण्याचा मोह अशा वेळी होतो. तो आवरलेला बरा. मुंबई सिटीने त्या गटातील सहाही सामने गमावले. 6 नोव्हेंबरचा अल हिलालविरुद्धचा सामना पुण्यात न होता नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाला, आणि तेथेही धावफलक 0–2 असाच राहिला.