नकाशा ताजा कोण ठेवतो?



नकाशांचा इतिहास सांगताना बहुधा नकाशे काढणाऱ्यांचाच इतिहास सांगितला जातो. काढलेला नकाशा खरा ठेवणारांची हकिकत मागे राहते. आज आम्ही तीच आपल्यापुढे मांडणार आहोत.

युनियनची सभासद-नोंदवही ज्याने सांभाळली आहे, त्याला या कामाची जात समजावून सांगावी लागत नाही. वही महिन्याभरात लिहून होते. पण कोणी खाते बदलतो, कोणी खोली सोडतो, कोणी कायमचा गावी जातो, आणि पाहता पाहता वही खोटी पडते. एखादे नाव चुकले तर एक वेळ निभावते. पण कोणाचा निरोप कोणामार्फत पोहोचतो हा दुवाच तुटला, म्हणजे पुढची दहा माणसे अंधारात राहतात. ठिकाणे आणि त्यांना जोडणारे दुवे मिळून जे बनते त्याला आपण जाळे म्हणू. रस्त्यांचा नकाशा हे असेच एक जाळे आहे.

आपल्या देशात त्रिकोणमितीच्या आधारे मोठी मोजणी सुरू झाली ती १८०२ साली. विल्यम लॅम्बटनने मद्रासला आधाररेषा मोजली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडीत काम उत्तरेकडे सरकत गेले. ते चालू असतानाच १८२३ मध्ये लॅम्बटन आपल्या हिंगणघाट येथे वारला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टच्या अमदानीत, १८३१ साली, राधानाथ सिकदार हे बंगाली तरुण या खात्यात गणिताच्या कामावर लागले. त्या हुद्द्याचे नावच ‘कॉम्प्युटर’ असे होते! जगातील सर्वांत उंच शिखराच्या उंचीचा हिशेब त्यांच्या हातून झाला. शिखराला नाव मात्र मिळाले एव्हरेस्टचे.

त्या मोजणीला एक सोय होती. डोंगर जागचे हलत नाहीत. एकदा केलेला हिशेब पिढ्यान् पिढ्या पुरतो. रस्त्यांचे तसे नाही. आज दुतर्फा असलेला रस्ता उद्या एकेरी होतो, नवी वसाहत उठते, पूल पुरात जातो. कागदावरचा नकाशा छापखान्यातून बाहेर पडेपर्यंतच जुना झालेला असतो.

यावर एक उपाय निघाला तो लोकांच्या हातांचा. ब्रिटनमधील सरकारी नकाशे पैशांच्या आणि परवान्याच्या अटींत अडकलेले होते. म्हणून २००४ साली स्टीव्ह कोस्ट या विद्यार्थ्याने ‘ओपनस्ट्रीटमॅप’ सुरू केला. कोणीही यावे, आपल्या गल्लीची नोंद करावी, चुकले असेल ते सुधारावे, असा हा खुला नकाशा. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भयंकर भूकंप झाला. तेव्हा हजारो कोसांवरच्या स्वयंसेवकांनी आकाशातून घेतलेली छायाचित्रे पाहून पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचे रस्ते काही दिवसांत रेखाटले आणि मदत-पथके त्यांच्या आधाराने वाटा काढू लागली.

परंतु साऱ्या जगाचे रस्ते रोज तपासायला इतके हात आणायचे कोठून? येथे यंत्राचा प्रवेश झाला. टोरंटो विद्यापीठातील व्होलोदिमिर म्नी आणि जेफ्री हिंटन यांनी २०१० साली विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत रस्ते ओळखण्यास यंत्राला शिकविले. या विद्येला ‘मशीन लर्निंग’ म्हणतात. तिच्यात यंत्राला नियम पाठ करून घ्यायला लावीत नाहीत. हजारो छायाचित्रे दाखवायची, ‘यात रस्ता कोठे?’ असे विचारायचे, उत्तर खऱ्या उत्तराशी ताडून पाहायचे आणि जितकी चूक असेल त्या मानाने यंत्रातील आकडे थोडे थोडे हलवायचे. असे पुन्हा पुन्हा करता करता यंत्राची नजर बसते.

आता हे ‘खरे उत्तर’ कोठून आले, ते नीट पाहावे. ते आले माणसांनी आधी काढलेल्या नकाशांतून. जुन्या नकाशात जो रस्ता राहून गेला होता तो यंत्राला ‘रस्ता नव्हे’ म्हणून शिकविला जाई! ही अडचण इतकी खरी होती की, सदोष उत्तरांतूनही शिकावे कसे, यावर त्याच दोघांना २०१२ साली निराळा निबंध लिहावा लागला. गुरूची चूक शिष्यात उतरते, ती अशी.

२०१९ मध्ये फेसबुक कंपनीने जाहीर केले की, यंत्राच्या साहाय्याने थायलंडमधील तीन लाख मैलांहून अधिक लांबीचे रस्ते खुल्या नकाशात भरले गेले, आणि तेही दीड वर्षात. काम थोर, यात शंका नाही. मात्र यंत्राने फक्त सुचविले. रस्ता पाहून, तपासून नोंदविला तो माणसांनी.

रस्ता कोठे आहे हे कळल्यावर, त्यावर आज किती वेळ लागेल, हा दुसरा प्रश्न. गूगलच्या नकाशात त्यासाठी रस्त्यांचे लहान तुकडे करून, एका तुकड्याची खबर शेजारच्या तुकड्यांना पोहोचवीत अंदाज बांधण्याची रीत बसविली गेली. चौकात गर्दी झाली की मागच्या गल्ल्यांनाही तिची झळ लागते, हे यंत्र अशा रीतीने शिकते. परंतु २०२० मध्ये महामारीमुळे जगभर रस्ते ओस पडले आणि यंत्राच्या जुन्या सवयी कुचकामाच्या ठरल्या. तेव्हा गेल्या दोन ते चार आठवड्यांच्या वाहतुकीवर अधिक भर देण्यास त्याला शिकवावे लागले. नकाशाप्रमाणे नकाशा जपणारे यंत्रही जुने होते, हा धडा त्यातून मिळाला.

धडे कधी याहून महाग पडतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून मोटार कोसळून तिघे मरण पावले. पुलाचा भाग पुरात आधीच गेलेला होता. दिशा दाखविणाऱ्या व्यवस्थेत तो बदल उतरला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. रस्त्यावर पुरेसा अडसरही नव्हता, आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवरही गुन्हा दाखल झाला. आमच्या मते या घटनेत सारे मर्म आले. पूल गेल्याचे त्या गावाला ठाऊक होते. उणीव होती ती गावाचे ज्ञान जाळ्यापर्यंत नेणाऱ्या दुव्याची. जे कोणी कळविले नाही आणि छायाचित्रातही अजून आलेले नाही, ते यंत्राला कसे कळावे?

हे दुवे सांभाळणारी माणसे आजही आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात बॉथेल येथे गूगलच्या नकाशावर काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांनी आपल्या युनियनतर्फे विनंती-अर्ज केला. कचेरीत येण्याची सक्ती लांबवा, येण्याजाण्याचा खर्च आम्हांस झेपत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जगाच्या वाटा दुरुस्त ठेवणाऱ्यांना स्वतःच्या कचेरीची वाट परवडू नये! सिकदारांच्या काळापासून हिशेब बदलला, हिशेब करणाऱ्यांचे नशीब मात्र फारसे बदलले नाही.

यंत्राशी आमचे वैर नाही. थायलंडमधील रस्ते केवळ हातांनी भरायचे म्हटले असते तर कितीतरी अधिक काळ गेला असता. आमचे म्हणणे एवढेच की, यंत्र शिकते ते कोणाच्या तरी कष्टांवर आणि खरे राहते तेही कोणाच्या तरी जागरूकतेवर. त्या माणसाला कायम नोकरी, पुरता पगार आणि चूक दाखविण्याचा अधिकार मिळाला पाहिजे. आणि आपण नागरिकांनीही आपल्या नगरपालिकेला एक साधा प्रश्न विचारावा: उद्या आपल्या गावचा पूल बंद झाला, तर ती खबर कोण, कोठे आणि किती तासांत कळविणार आहे? याचे उत्तर एका माणसाच्या नावानिशी मिळेपर्यंत आपण तो प्रश्न सोडू नये.