शिफारशीची बटणे

मनुष्यास एखादी गोष्ट मनापासून आवडली, की ती दुसऱ्यास सांगितल्यावाचून त्यास चैन पडत नाही. या जुन्याच स्वभावाचा संकेतस्थळांनी कसा उपयोग करून घेतला, आणि त्याचे फळ वस्तुतः कोणाच्या पदरी पडले, हा इतिहास मनन करण्याजोगा आहे.

आरंभी चालकास एवढेच कळे, की आलेला वाचक कोणत्या पानावरील दुव्याने आला. १९९६ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या नियमावलीत या नोंदीस जे इंग्रजी नाव मिळाले, त्यातील एक अक्षर गळाले, आणि ती चूक तशीच रूढ झाली. परंतु ही नोंद म्हणजे केवळ मागाहून मिळणारी साक्ष होय; ‘हे इतरांस सांगा’ अशी विनंती तीत नव्हती. ती विनंती बटणांनी केली. फेसबुकने ९ फेब्रुवारी २००९ रोजी ‘लाइक’चे बटण आपल्या घरात आणले, व २१ एप्रिल २०१० रोजी ते इतरांच्या संकेतस्थळांसही खुले केले. त्याच वर्षी ऑगस्टात ट्विटरचे, आणि २०११ साली गूगलचे बटण त्या पंक्तीस येऊन बसले.

यांचा उपयोग किती झाला? ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाने पहिल्या दहा आठवड्यांचा हिशेब २०१४ साली प्रसिद्ध केला. पाने सुमारे ६८ लक्ष वेळा पाहिली गेली, बटणे दाबली गेली सुमारे १४ हजार वेळा. म्हणजे हजारी अवघी दोन! यावरून लोक शिफारस करीतच नाहीत असे मात्र समजू नये. अमेरिकेतील ‘दि अटलांटिक’ मासिकाच्या ॲलेक्सिस मॅड्रिगल यांनी २०१२ साली दाखवून दिले, की ओळखीपाळखीतून येणाऱ्या त्यांच्या वाचकांपैकी निम्म्याहून अधिक, कोठून आले याचा मागच ठेवीत नाहीत. दुवा उचलून पत्रातून किंवा खासगी संभाषणातून धाडणे, हीच लोकांची खरी रीत होती.

मग लाभ कोणाचा? बटण पानावर दिसे, पण ते येई कंपनीच्या यंत्रावरून. त्यामुळे न दाबणाऱ्याचीही वार्ता तिकडे पोचे. एका जर्मन वस्त्रविक्रेत्याच्या प्रकरणी युरोपीय न्यायालयाने २९ जुलै २०१९ रोजी असा निर्णय दिला, की माहितीचा हा संग्रह व रवानगी यांस बटण बसविणाराही जबाबदार आहे.

परंतु जबाबदारी तेवढ्यावर संपत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेपायी, जमावाने पाच निरपराध भटक्यांचे प्राण घेतले. अशा अफवा त्या काळी मोबाइलवरून देशभर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी धाडण्यास आळा घालण्याचे, व चित्रांशेजारचे झटपट पुढे धाडण्याचे बटण काढून टाकण्याचे जाहीर केले. सोय वाढविण्यातच ज्यांची कीर्ती, त्यांस प्रथमच गैरसोय हितकर वाटली.

शिफारशीस मोल येते ते, सांगणाऱ्याने आपली पत तीमागे ठेवलेली असते म्हणून. दुवा स्वतः उचलून, चार शब्द लिहून धाडणारा क्षणभर तरी विचार करतो. बटणाने वाचविला तो हाच क्षण. आणि तोच वाचवावयास नको होता.