खून मी केलाय, बचाव तुम्ही करा

गुरुवार, 18 जून 1840. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे आहात, कारण बसायला जागाच नाही. उमराव, त्यांच्या बायका, वर्तमानपत्रांचे बातमीदार, सगळे दाटीवाटीने बसलेत. इथे गॅलरीत बसायचे पैसे पडतात आणि आज ते मोजायला लोक तयार आहेत. आरोपीच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर उग्र वासाची पानं पसरलेली आहेत. शेजारी न्यूगेटचा तुरुंग. 1750 साली तिथला ताप कैद्यांबरोबर कोर्टात शिरला आणि लॉर्ड मेयरसकट न्यायाधीशांचाही बळी घेऊन गेला. ती धास्ती अजून गेलेली नाही, म्हणून ही पानं.

पिंजऱ्यातला तरुण 23 वर्षांचा आहे. फ्रान्स्वा बेंजामिन कुर्व्हाझिये, मूळचा स्वित्झर्लंडचा, धन्याचे कपडे काढून ठेवणं, बिछाना गरम करून देणं असली कामं करणारा खासगी नोकर. धनी म्हणजे लॉर्ड विल्यम रसेल, 72 वर्षांचे, पार्क लेनजवळ नॉर्फोक स्ट्रीटवर राहणारे. 6 मेच्या सकाळी ते आपल्या बिछान्यात गळा चिरलेले सापडले. त्यांचा पुतण्या लॉर्ड जॉन रसेल मंत्रिमंडळात आहे, त्यामुळे पोलिसांवर वरून दट्ट्या आहे आणि खुनी शोधून देणाऱ्याला मोठं बक्षीस जाहीर झालंय. घरात चोरी झाल्याचा देखावा होता, पण दार आतून मोडलं होतं. कुर्व्हाझिये जिथे काम करायचा त्या पँट्रीत भिंतीलगतच्या लाकडी पट्टीमागे नाणी आणि नोट सापडली. घरातली चांदीची भांडी मात्र गायब आहेत, आणि ती कुठे गेली हे आज सकाळपर्यंत फिर्यादी पक्षाला सांगता आलेलं नाही.

बचावाला उभे आहेत चार्ल्स फिलिप्स. आयर्लंडचे, बोलण्यात फुलोरा जरा जास्तच, पण ज्युरीला हलवण्यात पटाईत. त्यांच्याकडे नीट बघा, आजच्या नाटकात मुख्य पात्र तेच आहेत. चारच वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे 1836 चा कायदा येईपर्यंत, खुनासारख्या गुन्ह्यात आरोपीच्या वकिलाला ज्युरीपुढे भाषण करायची मुभाच नव्हती. आणि आरोपीने स्वतः शपथेवर साक्ष द्यायची सोय तर इंग्लंडमध्ये 1898 पर्यंत येणार नाही. म्हणजे पिंजऱ्यातल्या माणसाला या कोर्टात एकच तोंड आहे, आणि ते फिलिप्सचं.

पहिला दिवस बचावाचा जातो. मोलकरीण सारा मॅन्सर हिने सकाळी सगळ्यात आधी आरडाओरडा केला होता. फिलिप्स तिची उलटतपासणी घेतात तेव्हा तुम्हाला तिची कीव येईल, इतका प्रत्येक शब्द ते पिळून काढतात. मग पोलीस. आरोपीच्या सामानात रक्ताचे डाग असलेले हातमोजे मिळाले म्हणता? पण ते सामान तुम्ही आधी एकदा तपासलं होतं ना? तेव्हा का नाही मिळाले? ज्युरीतले दोघे-तिघे एकमेकांकडे बघतात. बक्षिसाच्या लोभाने पोलिसांनी मुद्देमाल पेरला असेल, ही शंका आता खोलीत शिरली आहे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल: या क्षणी फिलिप्सना मनापासून वाटतंय की पोरगा निर्दोष आहे.

शुक्रवारी सकाळी हवा पालटते. लेस्टर प्लेसमधल्या एका हॉटेलच्या मालकीणबाई, मादाम पिओलेन, पुढे आल्या आहेत. कुर्व्हाझिये पूर्वी त्यांच्याकडे कामाला होता. खुनाच्या आधी काही दिवस तो एक पुडकं सांभाळायला देऊन गेला आणि परत आलाच नाही. वर्तमानपत्रात खटल्याबद्दल वाचल्यावर बाईंना शंका आली. पुडकं उघडलं. आत रसेल घराण्याची चांदी.

आता तुम्ही फिलिप्सच्या जागी बसा.

डोक्यावर विग, अंगावर गाऊन, पुढ्यात कालच्या टिपणांचा गठ्ठा. आरोपी कठड्यापाशी येऊन तुम्हाला खुणेने बोलावतो. तुम्ही जवळ जाता. तो हळू आवाजात सांगतो की खून मीच केला. तुम्हाला काही वेळ बोलताच येत नाही. मग तुम्ही विचारता, म्हणजे आता तू गुन्हा कबूल करणार? तो म्हणतो, छे साहेब, तुम्ही शेवटपर्यंत माझा बचाव करावा अशी माझी अपेक्षा आहे.

आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत कुणी फौजदारी वकील शेजारी बसला की दुसऱ्या वाढपाच्या आत त्याला हाच प्रश्न येतो: समजा, त्याने तुम्हाला सांगितलंच की हो, मीच मारलं, तर? वकील हसून जिलबी मागून घेतो. तुम्हाला आत्ता जिलबी मागायची सोय नाही. न्यायाधीश येऊन बसतील, साक्षीदार पुकारला जाईल, आणि तुम्हाला उठावं लागेल.

पहिला विचार मनात येतो तो वकीलपत्र टाकून बाहेर पडण्याचा. सभ्य माणसाला हाच सुचेल. पण जरा थांबा आणि ज्युरीच्या बाकाकडे बघा. काल दिवसभर या माणसासाठी जीव तोडून भांडलेला वकील आज सकाळी त्याच्याशी दोन मिनिटं कुजबुजतो आणि गाऊन सावरत निघून जातो. ज्युरीला आणखी काय पुरावा हवा? तुम्ही तोंडाने एक अक्षर न काढता अशिलाचं गुपित चव्हाट्यावर मांडलेलं असेल. त्याला फाशी तुमच्या पाठमोऱ्या आकृतीने दिलेली असेल. तुमचे सहकारी वकील क्लार्कसन तुम्हाला हेच समजावतात: सोडू नका.

मग तुम्ही अशी गोष्ट करता जी मला खुनाच्या बचावापेक्षा जास्त खटकते. खटला चालवणारे मुख्य न्यायाधीश टिंडल यांच्या शेजारी, मदतीला म्हणून, बॅरन पार्क नावाचे न्यायाधीश बसले आहेत. तुम्ही आणि क्लार्कसन त्यांना खासगीत गाठता आणि आरोपीने काय सांगितलं ते सांगून टाकता. पार्क एकच विचारतात: तुम्हीच बचाव करावा असा त्याचा आग्रह आहे का? तुम्ही हो म्हणता. मग तुम्ही बांधलेले आहात, ते सांगतात. समोर आलेल्या पुराव्यावर जेवढे रास्त युक्तिवाद करता येतील तेवढे करा.

सल्ला खणखणीत होता. पुढच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत जगभरच्या वकिलांच्या नियमांनी याहून फार वेगळं काही सांगितलेलं नाही. आपल्या बार कौन्सिलचा नियमही म्हणतो की आरोपी दोषी आहे असं वकिलाचं स्वतःचं मत असलं तरी त्याने बचाव करावा, रास्त आणि सन्माननीय मार्गांनी, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कुणालाही शिक्षा होऊ नये असं कायद्यालाच हवं आहे. पण सल्ला कुणाला विचारलात? न्यायासनावर बसलेल्या माणसाला! अशिलाने विश्वासाने कानात सांगितलेलं त्याच खोलीतल्या एका न्यायाधीशापर्यंत पोचलं, आणि उरलेला खटला पार्क यांनी सगळं माहीत असताना ऐकला. तुम्ही घाबरला होतात हे मान्य. तरी ते गुपित तुमचं नव्हतं.

उठा, मादाम पिओलेन साक्षीला आल्या आहेत. इथे तुमची खरी कसोटी आहे. बाईंनी आरोपीला नीट ओळखलं का, पुडकं इतके दिवस कुठे ठेवलं होतं, मधल्या काळात त्याला कुणाचा हात लागला, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पुरावा किती भक्कम आहे ते ठोकून बघणं हे तुमचं कामच आहे आणि आरोपी खोटा की खरा याने त्यात फरक पडत नाही. पण तुम्ही वेगळ्याच वाटेला जाता. हॉटेलात जुगार चालतो का, कसले लोक येतात, असं विचारत बाईंच्या अब्रूवर शिंतोडे उडवता. ही बाई खरं बोलते आहे हे तुम्हाला आता ठाऊक आहे. ती स्वतःच्या पायांनी कोर्टात आली, एवढाच तिचा गुन्हा.

शनिवारी, 20 तारखेला, भाषण. तासन्‌तास तुम्ही बोलता. पोलीस, बक्षीस, हातमोजे. इथवर ठीक; पेरलेल्या पुराव्याची शंका दोषी माणसाच्या खटल्यातही शंकाच असते, आणि ज्युरीने तिचा विचार करायलाच हवा. पण मग तुमचं वक्तृत्व तुम्हाला ओढत नेतं. हे कृत्य कुणी केलं ते एका सर्वज्ञ परमेश्वरालाच ठाऊक, अशा अर्थाचं वाक्य वर्तमानपत्रं तुमच्या नावावर छापतील. परमेश्वराला ठाऊक होतं खरं. त्याच्याशिवाय पिंजऱ्यातल्या माणसाला, तुम्हाला, क्लार्कसनना आणि बॅरन पार्कनाही ठाऊक होतं.

ज्युरी दोषी ठरवते. 6 जुलैला न्यूगेटच्या दारासमोर हजारोंच्या गर्दीत त्याला फाशी दिलं जातं. गर्दीत कादंबरीकार थॅकरे उभे आहेत; त्या सकाळबद्दल ते पुढच्याच महिन्यात लिहितील आणि फाशीच्या तमाशाची स्वतःला आलेली शिसारी लपवणार नाहीत. डिकन्सही तिथेच आहेत. त्यांनी तर फाशीच्या आधीच टोपणनावाने वर्तमानपत्रात पत्रं लिहून तुमच्या बचावाची चिरफाड केली आहे. कबुलीची बातमी फुटल्यावर शिव्यांचा पाऊस पडतो, आणि तो थांबत नाही. नऊ वर्षांनी, नोव्हेंबर 1849 मध्ये, वाद पुन्हा उफाळल्यावर तुम्ही जाहीर पत्रात सगळी हकिकत सांगता. मोलकरणीची ती कठोर उलटतपासणी पहिल्या दिवशीची, कबुलीच्या आधीची, हे तेव्हा लोकांना कळतं. त्या आरोपातून मी तुम्हाला मोकळं करतो. पिओलेनबाईंच्या बाबतीत नाही.

आता फिलिप्सचा विग उतरवा. 1872 मध्ये थोडाच वेळ थांबू. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेला भारतीय पुरावा कायदा या वर्षी लागू होतो. त्याच्या कलम 126 खाली उदाहरणं दिली आहेत, आणि पहिलंच असं आहे की अशील वकिलाला सांगतो, मी बनावट दस्तऐवज केलाय, माझा बचाव करा. कायदा म्हणतो, दोषी माणसाचा बचाव करणं हा गुन्हेगारी हेतू नव्हे, म्हणून हे बोलणं वकिलाला बाहेर फोडता येणार नाही. कुर्व्हाझियेने कठड्यावरून वाकून जे सांगितलं, तेच जणू इथे खुनाऐवजी बनावट कागदाचं होऊन कायद्यात येऊन बसलंय. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम 132 झालं. उदाहरण तसंच राहिलं.

चला, घराकडे. मुंबई, 2009. तुम्ही आर्थर रोड तुरुंगात खास उभारलेल्या कोर्टात आहात. न्यायाधीश एम. एल. टहलियानी. पिंजऱ्यात अजमल कसाब, 26/11 च्या मुंबई हल्ल्यातला हल्लेखोर. सीएसटी स्थानकात बंदूक घेऊन चालणारा त्याचा फोटो अख्ख्या देशाने पाहिलाय, इथे कबुलीची वाट बघायची गरज कुणालाच नाही. शहरातल्या वकिलांनी त्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही असं ठरवलंय. कोर्टाने अंजली वाघमारे यांना नेमलं तेव्हा त्यांच्या घरासमोर जमाव आला. पुढे त्या एका साक्षीदाराच्या वकील असल्याचं निघालं आणि हितसंबंधांच्या कारणावरून त्यांना दूर व्हावं लागलं. नंतर अब्बास काझमी आले, त्यांनाही कोर्टाने वर्षाअखेरीस हटवलं, आणि के. पी. पवार यांनी काम पुरं केलं. वकीलपत्र न घेण्याचे असले ठराव बेकायदा आहेत असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2010 मध्ये तमिळनाडूतल्या एका प्रकरणात बजावलं.

पण कसाबकडे एवढं बघू नका. त्याच पिंजऱ्यात आणखी दोघं बसलेत, फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद. दोघंही भारतीय. हल्ल्यासाठी मुंबईचे नकाशे त्यांनी पुरवले असा आरोप आहे. बाहेरच्या गर्दीच्या लेखी तिघांत फरक नाही. फहीमचे वकील शाहिद आझमी तो फरक करायला सांगतायत, साक्षीदाराला एकेक प्रश्न विचारून. 11 फेब्रुवारी 2010 च्या रात्री कुर्ल्यातल्या त्यांच्या ऑफिसात मारेकरी शिरतात आणि त्यांना गोळ्या घालतात. ते 32 वर्षांचे होते.

3 मे 2010 ला टहलियानींनी निकाल दिला. कसाब दोषी. फहीम आणि सबाउद्दीन यांच्यावरचा आरोप सिद्ध झाला नाही, दोघंही या खटल्यातून निर्दोष. सरकारने अपील केलं, हायकोर्टाने ते फेटाळलं. 29 ऑगस्ट 2012 ला सुप्रीम कोर्टाने कसाबची फाशी कायम केली, आणि त्याच निकालपत्रात या दोघांची निर्दोष मुक्तताही.