जुना स्कॅनर आणि नवा संगणक

यंत्रांचा इतिहास लिहावयास बसलो म्हणजे आपण बहुधा शोधांचा इतिहास लिहितो. कोणी, कोठे, कोणत्या साली कोणते यंत्र काढले हे आपण हौसेने सांगतो. परंतु एक यंत्र दुसऱ्या यंत्राला कसे जोडले गेले आणि ती जोडणी पुढे कशामुळे निरुपयोगी ठरली, याची बखर सहसा कोणी लिहीत नाही. त्या बखरीतले एक पान आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा स्कॅनर आजच्या संगणकाला कसा जोडावा, हा प्रश्न वरवर पाहता दुरुस्तीच्या दुकानातला वाटेल. तथापि ज्या कार्यालयात जुनी दफ्तरे आहेत, तेथे तो इतिहासाचाच प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करावयास चंदीगडच्या सेक्टर 30 इतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. त्या शहराच्या पहिल्या टप्प्यातल्या विभागांमध्ये आकड्याने हा शेवटचा. (मधला 13 हा आकडा त्या गणनेत नाहीच; विवेकनिष्ठ म्हणून गाजलेल्या नगररचनेतली ही गंमत!) या सेक्टरात केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ती ऑक्टोबर 1959 मध्ये दिल्लीत स्थापन केली आणि 1962 मध्ये ती चंदीगडला आली. तो काळ परकीय चलनाच्या तीव्र टंचाईचा होता. प्रयोगशाळांतील उपकरणे बहुतांशी परदेशी. एखादा सुटा भाग बिघडला की तो मागवावयास चलन नाही आणि येथे बनवावयास कारागीर नाही. म्हणून उपकरणे येथेच आखावी, बनवावी, दुरुस्त करावी, हा या संस्थेचा हेतू. 1963 मध्ये स्वित्झर्लंडच्या साहाय्याने त्याच आवारात प्रशिक्षण केंद्र निघाले. घड्याळे करणाऱ्या देशाकडून सूक्ष्म यंत्रकाम शिकावे, ही कल्पना मला आजही मोठी समंजस वाटते. पुढे याच संस्थेने तेजस विमानाच्या वैमानिकासमोर दिसणारा माहितीचा पडदा तयार केला, हे पुष्कळांस ठाऊक असेल.

ही संस्था निघाली त्याच्या दोनच वर्षे आधी, 1957 मध्ये, अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे छायाचित्र एका फिरत्या नळकांड्यावर लावून संगणकात उतरविले. छायाचित्र सुमारे पाच सेंटिमीटर चौरस आणि त्याचे ठिपके 176 गुणिले 176, म्हणजे 30,976. संगणकाच्या स्मरणात याहून अधिक मावत नव्हते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कर्श यांचा स्कॅनर आणि त्यांचा सीक हा संगणक ही दोन यंत्रे एकाच छपराखाली, एकमेकांसाठीच जुळवलेली होती. वाटेल तो स्कॅनर वाटेल त्या संगणकाला लावावा, ही अपेक्षाच तेव्हा नव्हती. ती अपेक्षा निर्माण झाली ती स्कॅनर आणि संगणक निरनिराळे कारखाने विकू लागले तेव्हा; आणि तेव्हापासूनच सांध्यांची भांडणे सुरू झाली.

दोन यंत्रांच्या सांध्यात तीन गोष्टी जुळाव्या लागतात: तारेचे टोक, तारेवरून जाणाऱ्या संकेतांची रीत आणि ते संकेत समजणारी आज्ञावली. पैकी पहिली डोळ्यांना दिसते, म्हणून लोक तिच्याच मागे लागतात. समांतर जोडणी सेंट्रॉनिक्स कंपनीने 1970 साली छपाईयंत्रासाठी काढली. 1981 च्या आयबीएम संगणकामुळे ती घरोघर गेली आणि नव्वदीत स्वस्त स्कॅनर तिच्यावरच बसवले गेले. जाड, महाग आणि वेगवान स्कॅनरांनी ‘स्कझी’ नावाची जोडणी पत्करली. तिचे अमेरिकी प्रमाण 1986 चे. मग जानेवारी 1996 मध्ये यूएसबी आली आणि 1998 च्या आयमॅकने जुनी भोके सरळ बुजवून टाकली. इतरांनी तेच दहा वर्षे रेंगाळत केले. हा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. स्कझीचा त्रास ज्याने भोगला आहे, त्याला यूएसबी हे वरदानच वाटले असेल.

त्या त्रासाचे थोडे वर्णन करणे भाग आहे, कारण तो आजही चुकत नाही. स्कझीच्या साखळीत प्रत्येक यंत्राला शून्य ते सात यांपैकी स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. संगणकातल्या कार्डाकडे बहुधा सात असतो. साखळीच्या दोन्ही टोकांना ‘टर्मिनेटर’ म्हणून एक खुंटी बसवावी लागते. ती नसेल तर संकेत टोकावरून परत उसळतात आणि चित्रात पट्टे उमटतात किंवा स्कॅनर मुळी दिसतच नाही. शिवाय स्कॅनर आधी सुरू करावयाचा, संगणक मागाहून, आणि दोन्ही चालू असताना तारेला हात लावावयाचा नाही. समांतर जोडणीचे दुखणे निराळे. बाजारात समांतरातून यूएसबीत नेणारी तार मिळते. ती टोकाला नीट बसते. परंतु तिला केवळ छपाईयंत्राची भाषा येते. स्कॅनरला दोन्ही बाजूंनी बोलावयाचे असते, आणि ती तार त्याचे म्हणणे पोहोचवीतच नाही. पैसे वाया जातात ते येथे.

उलट यूएसबीचा जुना स्कॅनर आजच्या संगणकाला बिनतक्रार जोडला जातो, दिवाही लागतो, आणि तरीही काम होत नाही. त्याची आज्ञावली 32 बिटांच्या विंडोजसाठी लिहिलेली असते आणि कारखान्याने ती 64 बिटांसाठी पुन्हा लिहिण्याची तसदी घेतलेली नसते. काच शाबूत, दिवा शाबूत, मोटर शाबूत; गेला तो दुभाषी. अशा वेळी लिनक्सवरील ‘सेन’ ही मुक्त आज्ञावली किंवा 1998 पासून विकली जाणारी व्ह्यूस्कॅन कामास येते. दोन्हींनी शेकडो यंत्रांची भाषा जतन केली आहे.

मराठी माणसाला दुभाषी नाहीसा होणे म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे. परंतु मोडी वाचणारे विरळ झाले. रियासतकार सरदेसाई यांनी 1930 पासून त्या दफ्तरातील निवडक कागदांचे 45 खंड काढले, तेव्हा मोडी सराईतपणे वाचणारी पिढी हयात होती. आज तेच काम नव्याने करावयाचे तर आधी वाचक घडवावे लागतील. संगणकाच्या क्षेत्रात ही अवस्था यावयास शंभर वर्षे लागत नाहीत. 1986 मध्ये बीबीसीने इंग्लंडच्या 1086 च्या महसुली पाहणीला नऊशे वर्षे झाली म्हणून दहा लाखांहून अधिक लोकांकडून नवी माहिती जमवली व ती लेझर तबकड्यांवर घातली. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली, आणि लीड्स व मिशिगन येथील संशोधकांना 2002 मध्ये त्या जुन्या संगणकाची नक्कल नव्या संगणकात उभी करावी लागली. 1086 चे चर्मपत्र मात्र कोणत्याही तारेवाचून वाचता येत होते.

आता एका कार्यालयाची हकीकत. नाव सांगत नाही; अशी कार्यालये पुष्कळ आहेत. तेथे मोठ्या काचेचा एक स्कझी स्कॅनर होता. संगणक बदलला, नव्यात कार्डाला जागा नाही, म्हणून ‘सुसंगत नाही’ असा शेरा मारून स्कॅनर निर्लेखनासाठी निघाला. त्याच्या जागी आला तो लहान काचेचा. जुन्या नोंदवह्यांची पाने त्यावर मावेनात. तेव्हा वह्यांच्या शिवणी उसवून पाने अर्ध्यात दुमडावी, असा लेखी प्रस्ताव आला. शंभर वर्षे ज्यांनी वाळवी आणि पावसाळे सोसले, त्या वह्या एका तारेच्या टोकासाठी उसवावयाच्या! प्रस्ताव सुदैवाने टेबलावर अडला, आणि अशा अडकण्याला मी दिरंगाई म्हणणार नाही.

उपाय अखेर भांडारातच सापडला. निर्लेखनाच्याच यादीतला एक जुना संगणक, ज्यात त्या कार्डाची खाच होती. त्याची तबकडी बदलली, लिनक्स घातले, आणि इंटरनेटपासून तो पूर्ण तोडला. स्कॅनर त्याला जोडला व त्याला एका साध्या जाळ्याच्या तारेने नव्या संगणकाशी. ‘सेन’मध्ये ही सोय मुळातच आहे: एक संगणक स्कॅनरजवळ बसतो आणि दुसरा दुरून त्याला काम सांगतो. म्हणजे जुन्याने जुन्याशी बोलावे, नव्याने नव्याशी, आणि दोहोंच्या मध्ये एक वृद्ध मुनीम बसवावा. यूएसबीच्या स्कॅनरांसाठी तर दुसरा संगणकही लागत नाही. नव्या संगणकातच एक आभासी जुना संगणक उभा करून स्कॅनर त्याच्या हवाली करता येतो.

सर्वांत अधिक वेळ लागला तो टर्मिनेटरच्या खुंटीला. अंगठ्याएवढी ती वस्तू यादीत कोठे नव्हती, म्हणून कोणी जपली नव्हती. ती शेवटी एका निवृत्त तंत्रज्ञाच्या पेटीतून आली. आता त्या कार्यालयाच्या डेड स्टॉक रजिस्टरात स्कॅनर, कार्ड, तार आणि खुंटी अशा चार स्वतंत्र नोंदी आहेत, आणि वह्या शिवलेल्याच आहेत.