बोटाचे मोल

खानदेशच्या जुन्या दफ्तरांत शेतकऱ्याच्या जमिनीचा, बैलजोडीचा, तगाईचा आणि थकबाकीचा जेवढा तपशील आढळतो तेवढा त्याच्या देहाचा आढळत नाही. जमाबंदीच्या कारकुनाने बांध मोजले, मामलेदाराने आणेवारी ठरविली, कलेक्टराने कपाशीच्या बियाण्याविषयी अहवाल लिहिले. परंतु मोटेच्या नाड्यात कोणाचे बोट तुटले, रात्री पाणी भरताना कोणाच्या पायाला जनावर डसले, याचा टिपणवहीत उल्लेख करावा असे ना सरकारास वाटले, ना स्वतः त्या शेतकऱ्यास. कष्ट करणाऱ्याच्या बोटाची किंमत या मुलखात प्रथम कागदावर चढली ती जिनिंगच्या दालनात. आणि ज्या शेतातून ती कपाशी त्या दालनात येत होती तिथे तो कागद परत फिरून का पोहोचला नाही, ही कथा मला कपाशीच्या भावांच्या इतिहासापेक्षा अधिक बोधक वाटत आली आहे.

जुन्या शेतीत अपाय नव्हता असे समजण्याचे कारण नाही. धावेवरून बैल उतरू लागले की मोटकरी नाड्यावर आपल्या अंगाचा भार टाकून बसे, आणि जीर्ण झालेला नाडा ऐन भरल्या मोटेला तुटला तर बैल तोंडावर आपटत व मोटकरी त्यांच्या मागोमाग. म्हणून हंगामाच्या आरंभी नाडा तपासणे, चाक तेलविणे, कणा बदलणे ही कामे शहाणा कुणबी परक्यावर सोपवीत नसे. मोटेवरच्या गाण्यांनी माणसाचे आणि बैलाचे पाऊल एका लयीत राही, हाही त्या गाण्यांचा एक उपयोग असावा असे मला वाटते. सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या पट्ट्यांत, माळ्यावर बसून गोफण फिरविणाऱ्या राखणदाराला पाखरांइतकीच श्वापदांची धास्ती असे. 1818 साली हा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात आला तेव्हा पहिला पोलिटिकल एजंट जॉन ब्रिग्ज याच्यापुढे ओसाड गावे आणि रानटी जनावरे हा बंदोबस्ताचाच एक प्रश्न होता. पुढे 1825 साली भिल्ल पलटण उभारणारा औट्रम वाघांच्या शिकारींसाठीही तितकाच नावाजला गेला. सर्पदंशाला मात्र मांत्रिकावाचून इलाज नव्हता. परळच्या प्रयोगशाळेचे, जिला 1925 पासून हाफकिन यांचे नाव आहे, सर्पविषावरील औषध खेड्यापाड्यांतील दवाखान्यांपर्यंत पोहोचण्यास पुढे पुष्कळ वर्षे गेली; नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही चार नावे आजही त्या औषधाच्या कुपीशी जोडलेली आहेत.

हे सर्व भय जुने, ओळखीचे आणि अंगवळणी पडलेले होते. नवे भय आले ते वाफेवर.

अमेरिकेत 1861 ते 1865 पर्यंत यादवी युद्ध चालले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडची रुई मिळेनाशी झाली, तेव्हा खानदेशच्या काळ्या जमिनीला अकस्मात सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, व्यापारी आले, आणि व्यापाऱ्यांच्या मागोमाग इंजिने आली. तोपर्यंत कपाशीतून सरकी काढण्याचे काम घरच्या ओट्यावर हातरेच्याने होत असे. दोन रुळांमधून एक बोंड जाईतो घरधनीण सहज बोलू शके, इतका त्याचा वेग. त्याची जागा रूळ-जिनने घेतली, ज्यात चामड्याने मढविलेला रूळ अखंड फिरतो, एक पाते त्याला टेकलेले असते, दुसरे खालीवर होत राहते, रुळाला चिकटलेला तंतू पात्याखालून पुढे ओढला जातो आणि सरकी मागे गळून पडते. यंत्रापुढे बसलेल्या बाईचे काम एवढेच, की रूळ रिकामा राहू द्यायचा नाही. मूठ मूठ कपाशी ती पुढे सरकवीत राही. आणि रूळ व पाते यांच्यामधले अंतर तंतूला जेवढे सोयीचे तेवढेच बोटाला घातक होते. पण त्याहून भयंकर होता तो दालनाच्या खालच्या अंगाला फिरणारा लांबच लांब दंड, ज्यावरून पट्ट्यांनी सगळी यंत्रे चालत. खाली साचलेली सरकी ओढून काढण्यास वाकलेल्या मजुरणीच्या लुगड्याचा पदर त्या दंडाला गुंडाळला गेला, की इंजिन थांबेपर्यंत पदराबरोबर बाईही जाई.

सरकारला काळजी नव्हती असे नव्हे. ती कशाची होती एवढाच प्रश्न. कपाशीत धूळ, दगड आणि सरकी मिसळून गिऱ्हाइकास फसविण्याच्या लबाडीविरुद्ध मुंबई इलाख्यात 1863 सालीच कायदा झाला. ती कपाशी हाताळणाऱ्या पोरांच्या हातांसाठी पहिला कारखाना कायदा यावयास 1881 साल उजाडावे लागले. म्हणजे तंतूची शुद्धता बोटांच्या आधी अठरा वर्षे कायद्याच्या आश्रयास आली. त्या 1881 च्या कायद्यात सात वर्षांखालील मुलांस मज्जाव होता, धोक्याच्या यंत्रास आडोसा करण्याची तरतूद होती. पण शंभरांहून कमी माणसांचा, किंवा वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारा कारखाना त्यातून वगळलेला होता. हंगामी धंद्याच्या मालकाला सुटकेसाठी याहून रुंद दरवाजा कोणी ठेवला असता!

मुंबईत 1884-85 साली जो कारखाना आयोग बसला, त्याच्यापुढे खानदेशातील जिनिंगच्या कारखान्यांविषयी साक्ष झाली, ती आजही वाचवत नाही. पहाटे चार-पाचपासून रात्री दहापर्यंत काम, आणि हंगाम ऐन भरात आला म्हणजे तीच माणसे दिवसा आणि तीच रात्री. त्यांत बायकांचाच भरणा. दिवाळीनंतर ज्यांनी शेतात कपाशी वेचली त्याच. त्याच सुमारास, 1884 साली, महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सह्यांचा अर्ज सादर केला. रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्यांबरोबर त्यात आणखी एक मागणी होती, जिचा सहसा उल्लेख होत नाही: कामावर जखमी झालेल्या माणसास बरा होईतो पगार मिळावा, आणि तो कायमचा निकामी झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

पुढल्या कायद्यांची कथा मी थोडक्यात आटोपतो. 1891 साली स्त्रियांच्या कामाचे तास अकरावर आले. 1911 साली चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखानेही कायद्याच्या कक्षेत आले. म्हणजे जिनवाल्याची ती पळवाट बंद होण्यास तीस वर्षे लागली. 1934 साली मात्र हंगामी कारखान्यांना पुन्हा सवलत मिळाली: बारमाही कारखान्यात आठवड्याला 54 तास, तर हंगामीत 60. आणि 1948 च्या कायद्यात चालू यंत्रापाशी जाऊन काम करणाराची वस्त्रे अंगाला घट्ट असावीत आणि कापूस पिंजून मोकळा करणाऱ्या यंत्राच्या दालनात स्त्रियांस व मुलांस कामाला लावू नये, अशा ज्या तरतुदी होत्या, त्या वाचताना एखाद्या जुन्या अपघाताचा पंचनामा आपण वाचतो आहोत असे वाटते. कायद्याच्या कलमांना एवढी अचूक कल्पनाशक्ती एरवी नसते.

लोखंड्यांच्या त्या मागणीला उत्तर मिळाले 1923 साली. 1 जुलै 1924 पासून अमलात आलेल्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते, आणि त्यात मनुष्यदेहाचे चक्क दरपत्रक होते. उजवा हात कोपरापासून वा त्यावर तुटला तर अर्जनशक्ती शेकडा 70 ने घटली असे धरावे, डावा तसाच तुटला तर 60, एक डोळा गेला तर 30, अंगठा गेला तर 25, तर्जनी 10, बाकीचे कोणतेही बोट 5. पूर्ण निकामी झालेल्या प्रौढ माणसास बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा 3,500 रुपये, यांतले जे कमी ते. समजा, जिनमधल्या एखाद्या बाईस महिना दहा रुपये पडत होते. तर तिच्या संपूर्ण देहाचे 420 रुपये झाले, अंगठ्याचे 105, तर्जनीचे 42 आणि मधल्या बोटाचे 21. हिशेब क्रूर वाटतो, आणि तो क्रूर आहेच. परंतु त्या परिशिष्टापूर्वी त्याच बोटाला शून्य रुपये पडत होते हे विसरून चालणार नाही. शिवाय बोटाला भाव आला की मालक यंत्राला आडोसा घालतो, हा मानवी स्वभावाचा एक उपयुक्त भाग आहे.

हाच दर शेतात का गेला नाही? जिनला चार भिंती होत्या, एक फाटक होते, हजेरीची वही होती आणि ज्याच्या नावे समन्स काढावे असा एक मालक होता. शेतात बहुधा मालक आणि मजूर एकच; स्वतःवर फिर्याद कोणी करावी? आणि जो सालदार आखाजीला वर्षाच्या बोलीने राही, त्याच्या बोलीत धान्य, घोंगडी, जोडे यांचा उल्लेख असे, हातापायांचा नसे. 1936 साली फैजपुरास काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले आणि तिथे शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. त्यातली कर्ज, सारा, खंड आणि शेतमजुराचे निर्वाह-वेतन ही कलमे आवश्यकच होती; पण खळ्यावरची इजा हा राजकीय प्रश्न असू शकतो, याची जाणीव त्या काळी कोणत्याच पक्षास नव्हती. आणि इजा तर खळ्यावर येऊ घातली होती. तिवड्याभोवती फिरणाऱ्या बैलांच्या पातीची जागा मळणी यंत्राने घेतली. जिनमधली मूठ आता ज्वारीच्या कणसांच्या रूपाने मळणी यंत्राच्या तोंडात जाऊ लागली, आणि ते तोंड हाताहून लांब व वरून झाकलेले असावे एवढी साधी गोष्ट अमलात आणण्यासाठी 1983 साली धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा करावा लागला. कीटकनाशकांचेही तेच. 1958 साली केरळात विषारी औषध सांडलेल्या पिठाने शंभरावर माणसे मेली, तेव्हा त्या चौकशीतून 1968 चा कीटकनाशक कायदा निघाला, आणि डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असे त्रिकोण आले. खानदेशच्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन, तोंडाला उपरण्याचा शेव बांधून, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालणाऱ्या माणसाला त्या त्रिकोणाचा अर्थ बहुधा दुकानदारही सांगत नसे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना मजूर दगावले, तेव्हा हातमोजे आणि मुखवटा हे शब्द वर्तमानपत्रांतून काही आठवडे ऐकू आले. त्याच वर्षी चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने शेतात काम करणाऱ्यांचे बळी घेतले आणि डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. दोनशे वर्षांपूर्वीच्या राखणदाराचे भय विजेच्या पंपाबरोबर रात्रीच्या शेतात परत आले होते, कारण रात्रपाळीच्या विजेला दिवस आणि रात्र सारखीच.

नुकसानभरपाईचा कायदा शेताच्या बांधापर्यंत आला खरा, पण ट्रॅक्टर किंवा यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या शेतीकामापुरताच; विळा, कुऱ्हाड, विहीर आणि साप बाहेर राहिले. त्यांच्यासाठी महाराष्ट्र शासनाची शेतकरी अपघात सानुग्रह अनुदानाची योजना आहे, जिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिलेले आहे. तिच्यात मृत्यूस दोन लाख, दोन डोळे किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख. पूर्वीच्या दरपत्रकाशी तुलना करता रक्कम मोठी आहे. मात्र हक्कदाराचे किंवा त्याच्या कुटुंबाचे नाव सातबाऱ्यावर असावे लागते. मार्गशीर्षात कपाशी वेचून, पौषात जिनकडे जाणारी ती मजुरीण कोणत्याही सातबाऱ्यावर नसते. तिच्या बोटाला जिनच्या फाटकाच्या आत अजून भाव आहे, आणि फाटकाबाहेर पडून ती बांधाकडे वळली की तो संपतो.